मामांच्या मनगटावरचं घड्याळ

हसू आलं तर हसा, माझी हरकत नाही. फक्त चहा आधी संपवा, कारण ही गोष्ट स्मशानात जाते. असा गाढवपणा माझ्याआधी कोणी केला असेल तर त्या माणसाला मला एकदा भेटायचंय!

ऐंशी सालाच्या पुढचे दिवस. मरोळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा एकच रंगीत टीव्ही होता. मी एकटा राहायचो, शेजारच्या खोलीत मामा, मामी आणि त्यांचा मुलगा बाळ्या. नोकरी म्हणाल तर मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कारकून. पण खरा जीव घड्याळांत. सुपारीचा एक पत्र्याचा डबा घड्याळांनी भरून ठेवला होता. सगळी डुप्लिकेट! कारकुनाला असली, म्हणजे खरा परदेशी माल कुठून परवडणार? अंधेरी स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून आणायची. तबकडीवर स्वित्झर्लंड, पोटात काय ते देव जाणे.

पण ऐट बघाल तर! नकली हाताळून हाताळून मला असली बरोबर ओळखता येतं, असा माझा दावा. घड्याळ कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. दुबईहून कोणी आलं की आधी माझ्या दारात. एकदा तर एका हळदीला गेलो, नवऱ्या मुलाला सासऱ्यानं दिलेलं घड्याळ कानाला लावलं आणि भर मांडवात म्हणालो, "डुप्लिकेट." ते लग्न कसं पार पडलं ते विचारू नका.

खरंखुरं असली मी जवळून एकच पाहिलेलं. मामांचं. मामा तरुणपणी बोटीवर खलाशी होते, तेव्हा एडनच्या बंदरात घेतलेलं स्विस घड्याळ. त्याच्यावर माझा इतका डोळा, की फुटपाथवर हुबेहूब तसंच डुप्लिकेट दिसलं तेव्हा मी ते लगेच उचललं. मामा रविवारी येऊन बसायचे, डब्यातल्या एकेका घड्याळाला चावी द्यायचे आणि म्हणायचे, "भाच्या, तुझो कान म्हणजे सोन्याचो हां!" मी फुगायचो.

दिवाळीनंतर मामांनी अंथरूण धरलं ते धरलंच. जायच्या आधी सगळ्यांना जवळ बोलावून म्हणाले, "माझ्या हातातला घड्याळ कोणी काढूचा नाय. तसाच माझ्याबरोबर जाऊंदे."

बाळ्याचं तोंड कडू झालं. त्यानं ते घड्याळ मनातल्या मनात विकून रिक्षासुद्धा घेऊन टाकली होती. पण मरणाऱ्याचा शब्द! मोडणार कोण?

मामा गेले. मला वडील नव्हते, जे काय होते ते मामाच. मी रडत होतो, खरंच रडत होतो, आणि रडता रडता माझं लक्ष त्यांच्या मनगटाकडे जात होतं. लाज वाटते सांगायला, पण होतं तसं.

आंघोळ घालताना घड्याळ काढावं लागलं. पुन्हा बांधायचं काम कोणाकडे आलं? घड्याळवाल्या भाच्याकडे! पुसून आणतो म्हणून मी खोलीत पळालो आणि डब्यातलं डुप्लिकेट बाहेर काढलं. एक या कानाला, एक त्या कानाला. मामांच्या हातातलं काय वाजत होतं म्हणून सांगू! देवघरातली घंटाच. आणि माझं? नुसता खुळखुळा.

आता तुम्हीच सांगा, असली स्विस माल सरणावर जाऊ द्यायचा? मामांना वर वेळ विचारणारं कोण आहे? मी मनाला समजावलं, मामांचंच घड्याळ मामांच्या आठवणीसाठी ठेवतोय. असली खिशात टाकलं, खुळखुळा त्यांच्या हातावर बांधला आणि खांदा द्यायला पुढे झालो.

दहाव्याला पवईच्या तळ्याकाठी गेलो. मामीही हट्टानं आली. पिंड ठेवले, आणि कावळे काही शिवेनात! समोरच्या झाडावर ओळीनं बसून नुसते बघत होते.

बाळ्या हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला सांभाळीन." कावळा हलेना.

"बाबा, दारू सोडली!"

एक कावळा उडाला, पण उलट्या दिशेला.

भटजी म्हणाले, "जीव कशात तरी अडकलाय."

कशात अडकलाय ते माझ्याच खिशात टिकटिकत होतं ना! ऊन चढत होतं, सगळे उपाशी, मामी पदरानं डोळे पुसत होती. मला वाटलं, माझ्यामुळे मामा असेच अधांतरी राहणार. शेवटी राहवेना. सगळ्यांदेखत मी ओरडलो, "मामा, चुकलो! तुमचं असली घड्याळ माझ्याकडे आहे! तुमच्या हातावर मी माझं डुप्लिकेट बांधलं!"

झालं. लागली वाट! बाळ्यानं कॉलर धरली. "साल्या, माझ्या बापाला फसवलंस? चितेवर? काढ, काढ आधी!" माझ्या खिशात हात घालून त्यानं घड्याळ हिसकावलं आणि तिथल्या तिथे आपल्या हातावर चढवलं.

आणि कावळा? ढिम्म.

मामी मात्र माझ्याकडे बघतच राहिली. रागानं नव्हे, कीव आल्यासारखी. मग ती पिंडांपाशी गेली, वाकून काहीतरी पुटपुटली आणि मागे सरते न सरते तोच तीन कावळे एकदम तुटून पडले!

संध्याकाळी मी तिच्यासमोर मान खाली घालून बसलो. बाळ्या बाहेर गेल्यावर तिनं दार लोटलं.

"तुझ्या डब्यातला ता घड्याळच खरा होता रे," मामी म्हणाली.

"म्हणजे?"

"गणपतीत तू गावाक गेलेलंस, तुझ्या खोलीची चावी आमच्याकडे होती. तेवा तेंनी आपला घड्याळ तुझ्या डब्यात ठेवला नि तुझा आपल्या हातात बांधला. बाळ्याक दिला तर तो विकून खायत, नि तुका उघड दिला तर तो तुझा तोंड बघूचो नाय. म्हणान हातातला जाळूक सांगल्यानी. कोणाक कळूक नको."

म्हणजे गणपतीपासून मी त्या असलीला हौसेनं चावी देत होतो, कितीदा कानाला लावत होतो. आणि शेवटी सरणावर चढवलं तेही मीच!

"पण मामी, मला सांगायचं तरी!"

"मी म्हटलंय तेंका. तर म्हणतत, 'तेका सांगूक कित्याक होया? कानाक लावल्यार ओळखतलो तो.'"

माझ्यावर एवढा विश्वास आजवर दुसऱ्या कोणी टाकलेला नाही. मला घड्याळाचं काही वाटेनासं झालं. मामा किती दिवस वाट बघत असतील, आज ओळखेल, उद्या येऊन पाया पडेल, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. मग मी विचारलं, "मामी, तळ्यावर काय पुटपुटलीस गं? कावळा लगेच कसा शिवला?"

मामीनं नाक पुसलं.

"काय म्हणतलंय? म्हटलंय, 'अवो, तुमच्या भाच्याक घड्याळातला कायेक कळणा नाय. चूक तुमचीच. आता तेच्यासाठी अडून बसू नकात, गुमान जेवान घेवा.'"