नकोबाई

रद्दीवाला दरवर्षी येऊन जुने पेपर घेऊन जातो, किस्से मात्र नेत नाही. ते आमच्या कर्जतच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तसेच पडून राहतात, आणि कुणी नवीन माणूस चहाला टेकला की मी त्यातला एखादा काढते. माझे बहुतेक किस्से एकाच बाईमुळे झालेत. आणि ती बाई मुळात जन्मालाच आलेली नाही!

दुसऱ्या वर्षाच्या बी.ए.ला मी एक जुनी इंग्रजी कादंबरी शिकवते. तिची नायिका मनाविरुद्ध काही म्हणजे काही करत नाही. चांगलं स्थळ येतं, नाही म्हणते. मावशी रागावते, तरी नाही म्हणते. पाद्री समजवायला येतो, त्याला चहा पाजते आणि नाही म्हणते. तिचं नाव भलतंच लांबलचक. पहिल्याच दिवशी खालापूरकडच्या प्रथमेशनं हात वर केला. "मॅडम, हिला आपण नकोबाई म्हणू का?"

पुढे तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नायिकेचं नाव विचारलं, तर ओळीनं सात जणांनी तेच सांगितलं. परीक्षक मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मी दुसरीच आवृत्ती वाचली का हो?"

*

सहामाहीत मी प्रश्न घातला, 'स्ट्राँग-विल्ड नायिकेचं व्यक्तिचित्र लिहा.' प्रथमेशचे वडील जमिनीचे एजंट. त्याच्या घरी विल या शब्दाला एकच अर्थ, मृत्युपत्र. पठ्ठ्यानं दीड पान लिहिलं, की नायिकेचं विल फार स्ट्राँग होतं, दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या, त्यामुळे नातेवाइकांना काही करता आलं नाही.

मी दहापैकी एक मार्क दिला. तो भांडायला आला. "मॅडम, रजिस्टर केलेलं विल स्ट्राँगच असतं. पप्पांना विचारा."

सगळा वर्ग हसला. पहिल्या बाकावरच्या सुनीतावहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. भिवपुरीला राहतात, एकेचाळीस वर्षांच्या, लेक दहावी झाल्यावर स्वतः कॉलेजात आलेल्या. तास संपल्यावर जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, विल केलंच नसंल तर?"

वडील विल न करता गेले होते. आता धाकटा भाऊ सुरेश हक्कसोडीवर सही मागत होता, म्हणजे बहिणीनं बापाच्या जमिनीतला वाटा भावाला सोडून द्यायचा. आपल्याकडे बहिणी डोळे मिटून सही करतात. वहिनींना सगळी जमीन नकोच होती. घरामागचा एक तुकडा हवा होता, जिथे भात काढल्यावर वडील वाल पेरायचे.

"मग तसं सांगा ना सुरेशला," मी म्हटलं.

"कडेवर घेऊन वाढवलाय वो त्याला. त्याला नको म्हणायला माझं तोंडच उघडत नाय."

मला त्यांचा राग आला. वर्गात नकोबाईचा एकही तास बुडवत नाहीत, आणि घरी ही तऱ्हा.

*

मग मी वर्गात नको म्हणायचा सरावच घेतला. कुणाच्या तरी भावाला नोकरी लागली म्हणून पेढे आले होते. मी बॉक्स घेऊन बाकाबाकावर फिरले. नियम एकच, पेढा आवडत असला तरी नको म्हणायचं.

सगळ्यांनी "नको मॅडम, नको," म्हटलं आणि दोन-दोन उचलले!

मी वैतागले. तेव्हा वहिनींनी मला समजावलं, "अवो, दोनदा नको म्हणजे वाढा. आमच्या घरात तसंच हाय. एकदाच नको म्हणायचं आणि ताटावर हात आडवा धरायचा, तर ते खरं नको. मग आईसुद्धा वाढायची नाय."

एवढं व्याकरण मला एम.ए.ला कुणी शिकवलं नव्हतं.

*

वहिनींनी सराव मनावर घेतला. कॅन्टीनवाल्या काकांनी चहा पुढे केला. "नको काका, नको," वहिनी म्हणाल्या. काकांनी मोठा कप भरला. वहिनींनी तो निमूटपणे प्यायला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दोन झाले ना?"

*

गॅदरिंगला आम्ही कादंबरीतला लग्नाच्या मागणीचा प्रवेश बसवला. वहिनींना नकोबाई व्हा म्हटलं, तर त्यांनी प्रॉम्प्टिंग मागून घेतलं. नकोबाई झाली नेरळची प्रणाली. प्रथमेश सूट घालून तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. मागणी घातली. प्रणालीनं मान वळवली.

एवढ्यात पहिल्या रांगेतली दहिवलीची एक मावशी उभी राहिली. "अगं, हो म्हण की! नोकरीला हाय ना रं तू?"

प्रथमेश गुडघ्यावरूनच म्हणाला, "हाय मावशी. परमनंट."

प्रणाली गोंधळली, पुढचं वाक्य विसरली आणि हो म्हणायला लागली. तेवढ्यात पडद्याआडून वहिनींचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, "एकदाच म्हण गं! एकदाच!"

बक्षीस आम्हाला विनोदी नाटकाचं मिळालं. आम्ही ते गंभीर म्हणून बसवलं होतं.

*

शिमग्याच्या आधी सुरेशनं रजिस्ट्रार ऑफिसात तारीख घेतली. दस्त नोंदवायला ओळखीचा साक्षीदार लागतो. वहिनी म्हणाल्या, "माझ्या मॅडम येतील." मॅडमची सही म्हणजे कागदाला वजन, म्हणून सुरेश खूश. मला गाडीतून उतरवताना त्यानं माझी पिशवीसुद्धा घेतली. मुलगा वाईट नव्हताच, हीच अडचण होती.

तिथल्या रजिस्ट्रार साहेबांनी मजकूर भराभर वाचला, कागद वहिनींपुढे सरकवला, वर पेन ठेवलं. "इथं सही करा."

"नको," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. सुरेश हसला. "लाजते साहेब. परत म्हणा. आमच्याकडं आग्रह लागतो."

साहेब घाटावरचे, पण माणूस भला. त्यांनी कागद आणखी पुढे केला. "करा हो ताई. करा, करा."

आता दुसरा नको निघाला की संपलं, वालाचा तुकडा गेला. वहिनींनी तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. तोंड मिटलं. आणि उजवा हात त्या कागदावर आडवा ठेवला.

सुरेशचं हसू थांबलं. तो त्या हाताकडे बघत राहिला. मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाला, "ताई, एक नको का दोन?"

"एक."

त्यानं पेन उचललं, टोपण लावलं आणि साहेबांना म्हणाला, "कागद उचला साहेब. आता कितीबी वाढा, नाय घ्यायची ती."