मायांच्या देवाला एकनाथ मेस्त्रींची चिमूट

देवरुखजवळच्या गावातून एकनाथ मेस्त्री ओमानमधल्या सीबला आले तेव्हा त्यांच्या पेटीत करवत, रंधा, पटाशी आणि तंबाखूची चंची होती. सोळा वर्षांत करवत तीनदा बदलली, रंधा दोनदा. चंची मात्र तीच. लाकडावर खूण करायच्या आधी बार, खूण चुकली तर बार, आणि चुकली नाही तर त्या आनंदात आणखी एक. "कपाट कधी होईल?" असं अर्बाबने, म्हणजे अरब मालकाने, विचारलं की मेस्त्री सांगत, "इन्शाल्ला, चार चिमटीत." आणि कपाट खरोखर चार चिमटीत उभं राही.

मग २०१७ साली गालाच्या आत पांढरा डाग दिसला. "आज सोडलीत तर डाग जाईल," डॉक्टर म्हणाले, "नाही सोडलीत तर तुम्ही जाल." गावाहून त्यांच्या बायकोने, प्रभावतीने, आयएमओच्या व्हिडिओ कॉलवर सगळा पडदा व्यापेल इतका चेहरा जवळ आणून सांगितलं, "अहो, माझ्या गळ्याची शपथ आहे. एक चिमूट जरी तोंडात गेली, तर मला फोन करू नका."

मेस्त्रींनी चंची खिळ्याला टांगली. त्यांचा खोलीतला सोबती उल्हास, चिपळूणचा प्लंबर, हसून हसून गादीवर लोळला.

"एकनाथा, तू तंबाखू सोडणार? साठ दिवस काढलेस तर ही मिशी उतरवीन. भर सभेत!"

बोली साधी नव्हती. उल्हासच्या पासपोर्टवर चेहऱ्यापेक्षा मिशीनेच जास्त जागा घेतली होती.

साठावा दिवस शुक्रवारी आला, आणि नेमकं त्याच दुपारी मस्कतमधल्या बौशरच्या एका हॉलमध्ये मराठी मंडळींसमोर शिरीष साहेबांचं व्याख्यान होतं. विषय: प्राचीन माया लोकांच्या पूजेतला तंबाखू. शिरीष साहेब पुण्याचे इंजिनिअर. ज्या विषयाला अनुभव लागतो त्यालाही ते पुस्तकं वाचूनच भिडत. पोहायलासुद्धा तसेच शिकले होते, असं म्हणतात. त्यांना स्टेजवर पायऱ्यापायऱ्यांचं माया देऊळ हवं होतं. ते मेस्त्रींनी प्लायवूडचं करून दिलं होतं, आणि आता ते डुलेल की काय या काळजीने मेस्त्री पडद्याआड उभे होते.

पहिल्या रांगेत उल्हास बसला होता. त्याच्या हातात मोबाइल, मोबाइलमध्ये प्रभावती. "वहिनींना देऊळ दाखवतो," असं तो सगळ्यांना सांगत होता. पण व्याख्यानासाठी लागणारा तंबाखू साहेबांना त्यानेच आणून दिला होता, तोही मेस्त्रींच्या आवडीचा.

"माया पुजारी तंबाखूच्या भुकटीत चुना मिसळत," साहेब वाचू लागले, "आणि ती इवल्याशा भोपळ्यात नाहीतर मातीच्या कुपीत ठेवत."

"अरे, ही तर आपलीच माणसं!" मागून कुणीतरी ओरडलं.

साहेबांनी प्रात्यक्षिक सुरू केलं. स्टीलच्या वाटीत तंबाखू, त्यावर भिंत रंगवायला पुरेल इतका चुना, आणि ढवळायला चमचा. मेस्त्रींना ते बघवेना. ते पडदा सारून बाहेर आले.

"साहेब, थांबा. देवाच्या वस्तूचे असे हाल नका करू."

त्यांनी डाव्या तळहातावर ताजा तंबाखू घेतला, नखावर मावेल एवढा चुना, आणि अंगठा फिरू लागला. आधी सावकाश, मग लयीत. मग थाप. एक, दोन, तीन. भुकटी उडाली, वास पसरला आणि मागच्या दोन रांगांतून अकरा तळहात आपोआप पुढे आले. कुणी मळत असलं की हात पसरायचाच, ही सवय समुद्र ओलांडूनही गेली नव्हती.

मेस्त्रींच्या बोटांत चिमूट तयार झाली. दुसऱ्या हाताने, कुणी न सांगता, खालचा ओठ ओढला.

"वहिनी, बघा, बघा!" उल्हासने मोबाइल उंच धरला. मोबाइलमध्ये प्रभावतीचा चेहरा पुन्हा सगळा पडदा व्यापेल इतका जवळ आला. तेच वाईट होतं.

मेस्त्री थबकले. तोंडाला सुटलेलं पाणी गिळून त्यांनी विचारलं, "साहेब, त्या लोकांत पहिली चिमूट कुणाची?"

"देवाची. आधी देवाला वाहत."

"आणि उरलेली?"

साहेबांनी घाईघाईने कागद चाळले. "त्याबद्दल... विद्वानांत मतभेद आहेत."

"आता नाहीत," मेस्त्री म्हणाले. स्टुलावर चढून त्यांनी चिमूट देवळाच्या माथ्यावर ठेवली आणि वर तळहात उपडा केला. "सगळी त्याचीच. खलास!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पण एसीचा झोत नेमका देवळावर येत होता. देवाने प्रसाद लगेच परत वाटला, आणि पहिली रांग शिंकू लागली. सगळ्यात जास्त उल्हास.

"अहो!" त्याच्या हातातला मोबाइल ओरडला, "आधी हात धुवा! साबणाने!" आणि मग जरा हळू, "मग फोन करा."

मेस्त्री हात धुऊन येईपर्यंत अकराही तळहातांनी उल्हासला मिशीसकट धरून ठेवलं होतं. देवळाला कागदी पताका लावायला आणलेली कात्री स्वतः शिरीष साहेबांनी पुढे केली. प्रात्यक्षिकाचा हा भाग मात्र त्यांना छान जमला.

संध्याकाळी खोलीवरून मेस्त्रींनी फोन लावला. प्रभावती लाजली, हसली, आणि एकदम पडद्याजवळ सरकली.

"अहो, तुमच्या मागे ते नवीन कोण राहायला आलंय?"