पूजेतला सॉकेट

झेंडूच्या वासात ग्रीसचा वास मिसळला की पळस्पे फाट्यावरचं आमचं गॅरेज आठवतं. नव्वदीतला दसरा होता. दादाने हवेच्या दाबावर नट खोलणाऱ्या नव्या एअर गनसाठी नटावर बसवायचे जाड, काळे सॉकेट आणले होते. आईने पूजेला मात्र हाताने फिरवायचे जुने, चकचकीतच मांडले. "सणाचं काळं कशाला?"

पूजेतल्या हत्यारानेच पहिलं काम करायचं, ही आमची रीत. दादाने त्यातलाच हळदकुंकू लागलेला एक सॉकेट गनला लावला. ट्रकच्या नटावर हाताच्या त्या सॉकेटला गनचे हिसके सोसले नाहीत. तो फुटला आणि तुकडा दादाच्या डोळ्यात गेला.

इस्पितळात पट्टीआडून दादा म्हणाला, "आई, पूजा छान मांडली होतीस गं."

मला तेव्हा ते कौतुक वाटलं. आईने पुन्हा कधीच पूजा मांडली नाही.