शेजारच्यासाठी छिन्नी

श्रीगोंद्यात आमच्या समोर राहणारे काका पडवीत जुन्या कानशींपासून छिन्न्या, सुऱ्या आणि चांभारांच्या चामडं कापायच्या राप्या बनवत. धार डाव्या हातावरचे केस काढून बघत, त्यामुळे त्या हातावर केस म्हणून उरले नव्हते. बोलताना ते भट्टीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत. मला त्यांची थोडी भीती वाटे.

एकदा मी विळी धार लावायला घेऊन गेले होते, तेव्हा त्यांचा शेजारी सोनार आला. सांडपाण्यावरून भांडल्यापासून दोघे बोलत नव्हते. पण सोनाराची नक्षीची छिन्नी मोडली होती, आणि पाटल्या दुसऱ्या दिवशी नवरीच्या हातात हव्या होत्या.

काकांनी मोडकी छिन्नी बघून कानशीचा तुकडा घासला, लाल तापवून तेलात बुडवला, धार लावली आणि पुढे केला. सोनार घेईना. धारेची वस्तू हातात दिली तर भांडण होतं, म्हणून आमच्याकडे ती खाली ठेवतात.

"धर की," काका म्हणाले. "आपलं भांडन तर कवाच झालंय."

सोनार हसला नाही, पण छिन्नी हातातच घेऊन गेला.

मग काका माझ्या विळीला हात लावेनात. भिंतीला कान लावत, दारापर्यंत जाऊन परत येत. पलीकडे बारीक ठकठक सुरू झाली आणि थांबली.

"मोडली का काय? जाऊन बघ जरा, पोरी. मी इचारलं म्हनू नगं."

मी पायरी उतरले तोच ठकठक पुन्हा सुरू झाली. मी वळून पाहिलं.

"तरी जाऊन येच," काका म्हणाले.