बोकड की चितळ

गोंदिया जिल्हा नवा झाला तेव्हा मी तिथं सरकारी वकील म्हणून रुजू झाले. रसायनशास्त्रात एमएस्सी, वर वकिलीची पदवी, म्हणजे दोन्हीकडची शहाणी. त्यात राग नाकाच्या शेंड्यावर. बाररूममध्ये मला 'मिरची मॅडम' म्हणायचे. म्हणोत बापडे, मलाही ते आवडायचंच.

त्या काळातली दरेकसा गावच्या एका मजुराची केस मी विसरलेले नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, घरोघर पाहुणे येतात आणि त्यातच सोयरिकी जुळतात. त्याच्या पोरीला पाहायला मंडळी आली होती. मटण चुलीवर चढायच्या आत वनविभागाची माणसं दारात हजर! कोणीतरी चुगली केली होती, चितळ मारलंय म्हणून. मटण जप्त, माणूस आत, पाहुणे उपाशीपोटी परत. मुलाचा बाप जाता जाता बोलून गेला, "रिपोट येऊ द्या, मंग पाहू."

म्हणजे बापाची सुटका आणि पोरीचं लग्न, दोन्ही त्या रिपोर्टावर अडकलं. जामिनाचा अर्ज आला तेव्हा मी असा काही विरोध केला की अर्ज साफ फेटाळला गेला. घरी येऊन मी खुशीत दोनदा चहा घेतला.

मटणाचे दोन नमुने प्रयोगशाळेत गेले होते. एक गुरांच्या डॉक्टरांनी फॉर्मॅलिनच्या बाटलीत घातलेला. दुसरा वनरक्षकानं भरपूर मीठ नि हळद चोळून ठेवलेला. हे कळल्यावर कोर्टाच्या व्हरांड्यात मी त्याला उभा झाडला.

"सरकारी पुरावा आहे तो! लोणचं घालून राहिले का?"

"मॅडम, आमच्या घरी मटन उरलं तं असंच ठेवतात. सडत नाही."

चार महिने झाले तरी रिपोर्ट नाही. शेवटी मीच तणतणत प्रयोगशाळेत गेले. तिथले साहेब शांत माणूस. म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट तयार आहे. बोकड आहे ते. फॉर्मॅलिननं मांस टिकतं, पण प्राणी ओळखायचा अंश बिघडतो; त्या बाटलीतून काही हाती लागलं नाही, मिठातल्या तुकड्यानं काम झालं." अरे देवा! मिठात मांस टिकतं हे एमएस्सी झालेल्या बाईला कळू नये, आणि त्या वनरक्षकाला कळावं!

मी विचारलं, "तपासायला चार महिने लागतात?"

"तपासायला दोन दिवस लागले. बाकी वेळ पार्सल रॅकवर होतं. नंबरानं घेतो आम्ही."

मीच कोर्टाला सांगितलं की याला सोडा. वनरक्षकाची माफी मागितली, तर तो लाजून पळालाच. मजूर मात्र सुटल्यावर सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मॅडम, मी तं पयल्या दिवसापासून बोकड बोकड म्हनून राहिलो होतो. तुमी जजसायबाले बोलत होत्या तवा एकडाव मागं वळून माह्याकडे पाहाचं होतं."

मला लाज वाटली, खरंच वाटली. त्यानं मात्र राग धरला नाही. सोयरीक जुळली, मला लग्नाचं आवतण आलं आणि मी गेलेही. मुलाच्या बापानं मला पंगतीत पाहिलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "मॅडम, आज रिपोट आनला नाही का?" अख्खा मांडव हसला, मी सगळ्यात जास्त.

पुढं दहाएक वर्षांनी, एमएस्सीच्या जोरावर, अशाच एका सरकारी प्रयोगशाळेचा कारभार माझ्याकडे आला. वकीलबाई इथं काय करणार म्हणून नाकं मुरडणारे होतेच. पहिल्या दिवशी मी पार्सलांच्या रॅकसमोर उभी राहिले आणि विचारलं, "यातल्या कोणत्या पार्सलाचा माणूस आत आहे?"

कोणाला ठाऊक नव्हतं. पार्सलासोबतच्या पत्रावर कलम, सील, बाटल्यांची संख्या असते, माणूस कुठं आहे ते नसतं. बडे बाबू म्हणाले, "मॅडम, तसा नियम नाही."

"मग फोन लावा. एकेका ठाण्याला. मी पण लावते."

दोन दिवस आम्ही सगळे फोनला चिकटून बसलो. बाबू आधी कुरकुरले, मग चढाओढीनं नावं आणू लागले. यादीत सगळ्यात जुनं निघालं ते एका बाईचं पार्सल. नवऱ्याला विष घातल्याचा संशय. आम्ही ते सगळ्यात आधी उघडलं.

तिसऱ्या दिवशी निकाल आला. विष नव्हतं. ती बाई तेरा महिने आत होती.