न घासायचं मडकं

भागूबाईच्या घरात पाय टाकला की आधी मांडणी दिसायची. पितळी ताटल्या, तांबे, मोठा हंडा, सगळं असं लख्ख की वाकून बघावं तर आपलंच तोंड दिसावं. पाथर्डीकडं पान्याची कायम मारामार, तरी हिच्या भांड्यांना राख आन् काथ्या रोज. लिही नीट पोरी, रोज म्हंजी रोज. तिच्या आईनं तिला लहानपनीच सांगितलं हुतं, "भागे, आपन बाबासाहेबांची मानसं. लोकं आपल्या घरात पाय ठिवायच्या आधी बोट ठिवाया बघत्यात. बोट ठिवाया जागाच द्यायची न्हाई." ते तिनं जन्मभर पाळलं.

ही गोष्ट नव्वद सालानंतरची. पावसाळा लागला की विहिरीचं पानी गढूळ व्हायचं आन् घराघरात पोरांना हगवन. तवा पुन्याच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या माधुरीताई जीपनं गावात आल्या. बाई लई साधी, खाली बसून भाकर खायची. त्यांनी आमच्याच कानिफनाथ कुंभाराकडून मडकी करून घेतली. मातीत लाकडाचा भुसा घालून भाजलेली. भुसा जळून जायचा, आन् त्या बारीक भोकांतनं पानी गळून खालच्या माठात पडायचं. भाजल्यावर मडक्याला आतनं चांदीचं पानी फासलेलं.

"चांदी कुठंय?" शेजारची छबूबाई मडक्यात डोकं घालून म्हनली. "मला तर मातीच दिसती."

"मावशी, डोळ्याला दिसायची न्हाई ती. पिठाचा एक कन घ्या, त्याचे हजार तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याएवढी. त्यानं पान्यातले जंतू मरतात."

"मग त्याचं डोरलं कसं घडवायचं वो ताई?"

बाया हासून लोळायच्या राहिल्या. आता तू त्याला न्यानो का काय म्हनतीस, आमी तवा पिठाची चांदी म्हनायचो. ताई सांगायच्या, देशात ठिकठिकानी असली कामं चाललीत, दिल्लीचं सरकार पैसा देतंय. वीज नको, मशीन नको, गावच्याच मातीनं गावचं पानी साफ व्हावं, आन् नातवंडांच्या टायमालाबी ते चालावं.

घरटी एक मडकं दिलं, अट एकच. मडकं आतनं घासायचं न्हाई.

आता बाईमानसाला असं सांगून भागतं का? जीप दुसऱ्या खेपेला आली तवा ताईंनी घरोघरचं पानी बाटलीत भरून तपासलं, तर सगळं जसंच्या तसं घान.

"कुनी घासलं?" ताईंनी विचारलं.

सगळ्या भुईकडं बघाया लागल्या. भागूबाईच म्हनली, "मी घासलं. सकाळी हात राहिला न्हाई, ताई."

"मी बी," छबूबाई म्हनली. मग सगळ्याच. सगळी चांदी मोरीतनं वाहून गेल्ती.

ताई चिडल्या न्हाईत, पन त्यांचं तोंड उतरलं. "एक तरी मडकं पावसाळाभर टिकलं पायजे. न्हाई तर मी वर काय दाखवू? काम बंद पडंल."

"मी टिकवते," भागूबाई म्हनली. "शब्द देते."

नवी मडकी आली. थोड्याच दिवसांत बाकीच्या बायांनी परत काथ्या हातात घेतला. भागूबाई थांबली. पर ते मडकं लागलं की काळं पडाया. पायातली जोडवी काळी पडत्यात ना, तसं. आधी काठ, मग सगळं पोट. लख्ख मांडणीच्या शेजारी ते असं दिसायचं की तिला जेवन गोड लागंना. जेवताना ती तिकडं तोंड करून बसायचीच न्हाई.

"काय गं भागू," छबूबाई दारातनं म्हनायची, "राख संपली का? माझ्या चुलीतली देऊ?"

आन् त्यातच सोनई गावाहून निरोप आला. भागूबाईची लेक शुभांगी, बारावी झालेली, तिला बघाया मानसं येनार. पोरगा मास्तर, घर चांगलं, आन् त्याची आई पुष्पावती मोठी टापटिपीची. भागूबाईचा मालक भीमराज म्हनला, "अगं, एवढा दिवस ते मडकं मागं न्हानीत ठिव."

"न्हानीत? पिन्याचं पानी न्हानीत?"

"मग घास बाई!"

"शब्द दिलाय, अवो."

शेवटी तिनं मडक्यावर धुतलेली साडी घडी करून टाकली, आन् हंडा पुढं घेऊन विहिरीच्या पान्यानं भरून ठिवला. हंडा सोन्यावानी चमकत हुता.

पाव्हनी आली. पुष्पावतीबाईंच्या कडंवर नातू हुता, चालाया शिकलेला. आल्या आल्या त्यो रडाया लागला, पानी पानी. भागूबाई तांब्या घेऊन हंड्याकडं वळली. हंड्यात वाकली तर तळाला लालसर गाळ, आन् वर तिचं तोंड. ती तशीच उभी राहिली. मग मागं वळून तिनं मडक्यावरची साडी काढली, खालच्या माठातनं तांब्या भरला आन् पोराला पाजला. मोठ्यांनाबी तेच दिलं.

पुष्पावतीबाईंनी पानी पिलं. मग उठून त्या मडक्यापशी गेल्या. काठावरनं एक बोट फिरवलं आन् बोट बघितलं.

"हे घासत न्हाई का तुमी?"

"घासायचं न्हाई ते. त्यात औषध हाय. पुन्याच्या ताईंनी..."

"बरं," पुष्पावतीबाई म्हनल्या आन् बोट पदराला पुसलं.

पोहे झाले, शुभांगीला चार गोष्टी इचारल्या, जय भीम करून मानसं गेली. आठवड्यानं निरोप आला. पोरगी चांगली, पर घरात भांड्याला हात लागत न्हाई असं दिसतंय.

भागूबाई त्या दिशी भांडी घासाया बसली ती उठलीच न्हाई. घासलेलीच परत घासली. शुभांगी शेजारी येऊन बसली आन् म्हनली, "आई, तो मास्तर नाक किती वेळा ओढत हुता, मोजलंस का?" तवा कुठं ती हासली, पर डोळ्याला पदर लावूनच.

पावसाळा संपताना ताई आल्या. भागूबाईच्या मडक्याचं पानी तपासलं, एकदम साफ. ताईंनी तिचे हात धरले. "मावशी, न घासता ठेवलं की टिकतंय, तुमच्यामुळं कळलं बघा!"

भागूबाईनं हात सोडवून घेतले. "माझ्या लेकीचं ठरता ठरता मोडलं, ताई. तुमची चांदी चांगली हाय, पर आमच्या बाया घासल्याबिगर राहायच्या न्हाईत. आमच्यात बाईला भांड्यावरनं वळखत्यात. बाया बदलाया बसू नका, मडकं बदला."

ताईंनी ते वहीत लिहून घेतलं. मग मडकं फडक्यात गुंडाळून पुन्याला घेऊन गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात शुभांगीचं संगमनेरला जमलं, दूध डेरीत कामाला असलेला पोरगा. हळदीच्या आदल्या दिशी दारात जीप उभी राहिली. ताईंच्या मांडीवर नवं मडकं. आता चांदी फासलेली न्हाई, मातीत कालवूनच भाजलेली.

"घासू?" भागूबाईनं इचारलं.

"घासा," ताई म्हनल्या, पर मडक्यावरचा हात लौकर काढंनात.

भागूबाईनं चुलीतली मूठभर राख घेतली, पदर खोचला, आन् घरात पाव्हने असताना अंगनात बसून ते मडकं आतनं भाईरनं असं रगडलं की छबूबाई कुंपनापशी येऊन उभी राहिली. खळबळून धुतलं. विहिरीचं पानी वतलं. ते थेंब थेंब माठात गळेस्तोवर कुनी हाललं न्हाई. ताईंनी बाटली भरून घेतली, तपासाया.

पयला पेला भागूबाईनं ताईंच्या म्होरं धरला.

"तपासायच्या आधी?" ताई म्हनल्या.

"माझ्या घरातलं हाय, ताई. प्या."

ताईंनी पेला तोंडाला लावला.