मावशींचं बोलणं कागदावर गेलं

लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसांचं मानसिक मूल्यमापन कसं करायचं, ते मी तेव्हा शिकत होते. घरी कोणालाच हे धड सांगितलं नव्हतं. पैठण रोडवरच्या आमच्या गावात वडील सगळ्यांना सांगायचे, ‘पोरगी मनाची डॉक्टर व्हायलीय.’ मीही ते तसंच राहू दिलं होतं. आईला मात्र कुठून तरी कळलं. भाकरी थापता थापता तिने एकदाच विचारलं, “तसल्या माणसापुढं बसून तू करतीस काय?”

“बोलते त्यांच्याशी.”

“अन् ते बोलतेत?”

बोलायचे. तेच मला सुरुवातीला जड गेलं. ती माणसं अगदी साध्या, घरच्यासारख्या आवाजात बोलायची.

ज्यांच्या हाताखाली मी शिकत होते त्या मॅडम साठीच्या जवळ आलेल्या, कमी बोलणाऱ्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला तीन वाक्यं पाठ करायला लावली. मी तुमच्यावर इलाज करायला आलेली नाही. तुम्ही जे सांगाल ते अहवालात जाईल आणि तो अहवाल दुसरे लोक वाचतील. बोलायचं नसेल तर नाही बोललात तरी चालेल. “ही वाक्यं समोरच्याला कळली अशी खात्री होईपर्यंत वही उघडायची नाही,” त्या म्हणाल्या. “आपल्याला तो विश्वासाने सांगतो, पण आपण त्याच्या बाजूचे नसतो. हे त्याला आधी माहीत असायला हवं.”

त्या वर्षी हर्सूलच्या तुरुंगातल्या एका गवंड्याचं प्रकरण आमच्याकडे आलं. त्याची बरीच शिक्षा भोगून झाली होती आणि लवकर सुटण्यासाठी त्याने अर्ज केला होता. बायकोच्या बहिणीची मुलगी शाळेसाठी त्यांच्या घरी राहायला आली होती. ती बारा वर्षांची होती. तिच्यावर त्याने अत्याचार केला होता.

तो हात जोडून खुर्चीच्या कडेवर बसायचा. “चुकी झाली ताई,” म्हणायचा आणि रडायचा. तुरुंगात कोणाशी त्याचं भांडण नव्हतं, काम चोख होतं. मी पहिला मसुदा लिहिला, त्यात एक वाक्य होतं, ‘अर्जदाराकडून अनुचित प्रकार घडला.’ मॅडमनी त्यातल्या एकाच शब्दाखाली रेघ ओढली. “घडला नाही. त्याने केला. तू त्याच्यासारखं बोलायला लागलीस.”

मला फार लाज वाटली. त्या दिवशी मी त्या मुलीचा न्यायालयातला जबाब पुन्हा वाचला. मधेच तिने विचारलं होतं, ‘मला आता शाळेत जाता येईल का?’ तिला कोणी काय उत्तर दिलं, ते कागदावर नव्हतं.

घरच्यांशी बोलणं हाही कामाचाच भाग असतो. त्याची बायको दर महिन्याला भेटायला यायची. त्याच दिवशी तुरुंगाच्या फाटकाजवळच्या एका खोलीत मी तिला बोलावलं. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, हिरव्या लुगड्यातली बाई. माहेर मेंढरंवाल्यांचं. मेंढरांमागे चालतच आपण मोठ्या झालो, असं तिने आपणहून सांगितलं. मी तिला मावशी म्हटलं, तशी ती जरा सैल झाली.

मॅडमची तीन वाक्यं मी म्हटली. पण त्या खोलीत तुरुंगाचे एक साहेब फाइल घेऊन बसले होते, आणि का कोण जाणे, मी एकदम कचेरीतल्या मराठीत गेले. “आपण दिलेल्या माहितीच्या गोपनीयतेची हमी देता येणार नाही. ती अहवालात समाविष्ट केली जाऊ शकते.” असलं काहीतरी.

मावशी म्हणाल्या, “व्हय.”

ते ‘व्हय’ मला चांगलं ओळखीचं होतं. माझी आई दवाखान्यात डॉक्टरपुढे अस्संच व्हय म्हणते, आणि बाहेर आल्यावर मला विचारते, काय म्हनला गं त्यो? मला कळलं होतं की मावशींना कळलेलं नाही. पण तेवढ्यात साहेब उठून बाहेर गेले, मावशींनी दाराकडे पाहिलं आणि त्या बोलायला लागल्या. मी त्यांना थांबवलं नाही.

“त्यांनी घरी यायला नको ताई,” त्या म्हणाल्या. “पोरगा म्हनतो, बाप हाय, आनायचाच. पन घरात नात हाय. पाच वर्साची. मी काय रातंदिस तिच्याजवळ बसू?”

मग थांबून, फार हळू, त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. भाचीच्या आधी शेजारची एक मुलगी होती. त्या घरच्यांनी बोभाटा न करता बिऱ्हाड हलवलं. मावशींनी तेव्हा काही विचारलं नाही. “मी तव्हाच तोंड उघडलं आसतं तर भनीची पोर वाचली आसती. भन आता माझ्या दारावरनं जात नाय. जाईल कशी?”

त्या रडल्या नाहीत. पदराने ओठ दाबून बसल्या. मी लिहीत होते.

शेजारच्या मुलीबद्दल कुठल्याच कागदात काही नव्हतं. त्या एका गोष्टीने सगळं मूल्यमापन बदललं. हा माणूस पुन्हा लहान मुलांच्या घरात राहायला जाणं धोक्याचं आहे, असं मी लिहिलं, आणि का, तेही लिहिलं. मॅडमनी अहवाल दोनदा वाचला. कायद्याने पोलिसांना जे कळवायचं होतं, ते त्यांनी कळवलं. मग मला विचारलं, “बायकोला सुरुवातीची सूचना दिलीस?”

“दिली.”

“कळली?”

“हो,” मी म्हटलं.

अर्ज नामंजूर झाला. पंधरा-वीस दिवसांनी सकाळी मी कामावर आले तर आमच्या दाराबाहेरच्या बाकावर मावशी बसलेल्या. शेजारी एक बोचकं. मला पाहून त्या उठल्या, पण जवळ आल्या नाहीत.

“ताई, माझं बोलनं तुमी कागदावर लिवलं?”

मी मान डोलावली.

“वकिलानं पोराला वाचून दाखवलं. पोरगं म्हनलं, माझ्या बापाला तुरुंगात कुजवलंस, आता माझ्या घरात ऱ्हाऊ नको. दीर बी तेच म्हनले.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मी तर तुमाला बाईमानूस म्हनून सांगितलं व्हतं.”

“मावशी, मी सुरुवातीला म्हटलं होतं...” मी बोलून गेले.

“काय म्हनला व्हता?”

मग ती वाक्यं मी त्यांना त्या बाकावर सांगितली, आमच्या गावच्या भाषेत. तुम्ही सांगाल ते मी लिवनार. ते तुमच्या मालकाला, त्याच्या वकिलाला वाचायला भेटनार. नसंल बोलायचं तर बोलू नका. एवढंच होतं ते. सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

मावशींनी ऐकून घेतलं. “हे तव्हा का नाय सांगितलं आसं?”

मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मावशींना आत नेऊन त्यांनी चहा दिला, काही फोन केले. एका संस्थेत राहायची सोय होत होती, पण मावशी म्हणाल्या, भावाकडे जाते. त्या गेल्यावर मॅडम माझ्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “शेजारच्या मुलीचं लिहायलाच हवं होतं. ते तू टाळलं असतंस तरी चूकच झाली असती. पण बोलायचं की नाही, हे त्या बाईने ठरवायचं होतं. ते तू तिच्याकडून काढून घेतलंस. वर माझ्याशी खोटं बोललीस.” त्यानंतर तीन महिने त्यांनी मला एकटीला कोणापुढे बसू दिलं नाही.

मी मावशींच्या मुलाला भेटायला जाऊ का, असं मॅडमना विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या. मी गेले तर बोल मावशींनाच लागेल, हे मलाही पटलं. पण हिवाळ्यात मॅडमच्या परवानगीने एकदा मावशींकडे गेले. चितेगावच्या पुढे, कारखान्यांच्या भिंती संपतात तिथं एका रिकाम्या शेतात मावशींच्या भावाने खतासाठी मेंढरं बसवली होती. मावशी एका कोकराला मांडीवर घेऊन त्याच्या पायातला काटा काढत होत्या. मला पाहून त्यांनी फक्त बाजूची पोती सरकवली.

“नातीला पाहिलंत का?” मी विचारलं.

“नाय. पोरगा दावत नाय. सून येकदा बाजारात भेटली व्हती. म्हनली, बरी हाय.” कोकराने पाय झटकला, त्यांनी पुन्हा धरला. “पन ते घरात नायत ना? मंग बरीच आसंल.”

मी माफी मागितली. कितीतरी दिवस मनात जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आलं नाही. नुसतं म्हटलं, “मावशी, माझं चुकलं.”

त्यांनी कोकराचा पाय उजेडाकडे वळवला. “मला ठाव आसतं तर बोलले आसते का नाय, ते मला बी सांगता येत नाय,” त्या म्हणाल्या. “कदाचित भ्याले आसते. मंग ते घरी आले आसते. म्हनून तुमाला शिव्या बी देता येईनात.” काटा निघाला. कोकरू उड्या मारत आईकडे गेलं.

मी निघाले तेव्हा त्या बांधापर्यंत आल्या. “ताई, भनीची पोर आता मोठी झाली आसंल. शिकती का ती? तुमच्या कागदात हाय का काय?”

आमच्याकडे येतात त्या फायली माणसांच्या शिक्षेच्या असतात. जबाब संपला की ती मुलगी त्यातून निघून जाते. पुढे तिचं काय झालं, हे आम्हाला कोणी कळवत नाही आणि आम्हीही विचारत नाही.

“नाही मावशी,” मी म्हटलं. “कागदात तसं काही नाही.”